कोटाआतला कोंबडा

वडील सोमवारी गेले. तेराव्यानंतर मी त्यांचा बंद गळ्याचा कोट घालून कचेरीत जाऊ लागलो.

मल्लेश्वरमच्या बसथांब्यावर एक गृहस्थ रोज दिसत. त्यांच्या कोटाला कडक इस्त्री असे, पण आत शर्टाऐवजी लाल कोंबडा छापलेला बनियन. बस आली की ते गळ्यापर्यंत बटणं लावून कोंबडा झाकत.

"साहेब रागावत नाहीत?" मी एकदा विचारलं.

"कोट साहेबांसाठी, अण्णा. कोंबडा माझ्यासाठी. तुमचा कोट स्वल्प सैल आहे. कुणाचा?"

"वडिलांचा."

"मग आत तरी स्वतःचं काही घाला."

वडील गेल्यावर मी पहिल्यांदा हसलो. त्याच संध्याकाळी इथल्याच शिवाजीनगरच्या बाजारात पोपटाचा बनियन घेतला.

तो पोपट धुऊन धुऊन उडाला. कोट अजून आहे, आणि आता मला नीट बसतो.