काकूच्या हातापुढं एक वीत

डॉ. नसीम शेख गेल्याचा फोन आला तेव्हा मी शिरूरजवळच्या कारखान्यात, प्रेस मशीनपुढं उभी राहून नव्या कामगारांना अंगठ्या आणि मनगटातले दोरे काढायला सांगत होते. सेफ्टी विभागात आहे मी, हे रोजचंच. वाक्यसुद्धा डॉ. नसीम यांचंच होतं, "हात आधी मोकळे करा, मग कामाला लावा." फोन ठेवला. समोरचा एक जण म्हणाला, "मॅडम, पुढं?" आणि त्या 'मॅडम'नं मला एकदम रडू फुटलं. माझ्या लेखी मॅडम एकच होत्या...

दौंडच्या रेल्वे कॉलनीत फिटरच्या घरी त्या वाढल्या. पुढं पुण्यात हाताच्या सर्जन झाल्या. यंत्रात सापडलेली बोटं, कापलेल्या शिरा जोडण्यात सगळी कारकीर्द गेली. निवृत्त झाल्यावर दौंडला परत आल्या आणि शिरूर-दौंडच्या कॉलेजांतल्या मुलांसाठी एक फेलोशिप सुरू केली, दुखापत आणि हिंसा रोखण्यासाठीची. मुलाखतीला गेले तेव्हा मला ती स्कॉलरशिपच वाटत होती. माझ्या आधीच्या मुलांनी हायवे, हेल्मेट, समुपदेशन असं बरंच काही चांगलं सांगितलं. मला मॅडमनी विचारलं, "तुझ्या घरात कुणाला काय लागलंय?" मी म्हणाले, माझ्या काकूची उजव्या हाताची बोटं चारा कापायच्या कडबाकुट्टी मशीनमध्ये गेली. त्यांनी कागद बाजूला सारला. "मग ती भाकरी कशी थापते?" मी सांगितलं, तळहातानं थापते, आणि उलटताना डावा हात लावते. "बघितलंयस तू," एवढंच म्हणाल्या. माझी निवड झाली. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळं आमच्या राहू गावात आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पेढे वाटले. फेलोशिप म्हणजे काय ते त्यांनाही सांगता येत नव्हतं.

काकू म्हणजे माझी थोरली चुलती. घर एकच, गोठा एकच. बोटं गेल्यापासून ती उजवा हात पदराखाली ठेवायची. घरात त्यावर कुणी बोलायचं नाही; बोललंच तर आप्पा म्हणायचे, "वहिनीचं ध्यान नव्हतं." काकू स्वतःही तेच सांगायची. आणि त्याच मशीनवर आता माझी आई रोज चारा घालत होती. मला दुसरं काही नको होतं. आईचा हात शाबूत राहावा, एवढंच.

मी हुशारी केली. शिरूरच्या वेल्डरकडून मशीनच्या तोंडावर बसणारी पत्र्याची झाकणं करून घेतली, गल्लीतल्या घरोघरी बसवली, फोटो काढले. काही आठवड्यांनी मॅडम बघायला आल्या. एका घरी झाकण कोंबड्यांच्या खुराड्याला लागलं होतं, दुसऱ्या घरी त्यावर मिरच्या वाळत होत्या. आमच्या घरीसुद्धा ते भिंतीला टेकवून ठेवलेलं. आई ओशाळून म्हणाली, "बाई, त्ये लावल्यावर उसाचं वाढं अडकून बसतंय. जनावरं वरडत्यात, कुठवर वाट बघायची?" मला वाटलं, संपलं सगळं. मॅडम मात्र ते खुराडं आठवून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. "कोंबड्या तरी सुरक्षित झाल्या गं," म्हणाल्या. मग घड्याळ काढलं, अंगठी काढली, ओढणी कमरेला घट्ट खोचली आणि आईला म्हणाल्या, "ताई, सरका. मला घालू द्या."

आप्पा नको नको म्हणत असताना त्यांनी मोटार चालू करायला लावली. आई सांगेल तसं एकेक कवळ घेऊन उसाच्या शेंड्यांचं ते वाढं आत सारू लागल्या. गती आली, हसणं आलं. काकू दाराच्या चौकटीत उभी होती. शेवटची मूठ चारा आत ओढणाऱ्या रुळांत शिरेना, बाहेरच थरथरत राहिली, आणि मॅडमचा उजवा हात ती ढकलायला पुढं गेला... आप्पा ओरडले आणि झेप घेऊन त्यांनी बटण बंद केलं.

मशीन घरघरत थांबलं. मॅडम आपल्या हाताकडं बघत होत्या. ज्या बाईनं असे कितीतरी हात शिवले, जिला त्या रुळांत काय होतं हे माहीत होतं, तिचाही हात रुळांकडं गेला होता. "माझं ध्यान होतं, आप्पा," त्या सावकाश म्हणाल्या. "सगळं ध्यान इथंच होतं. तरी गेला."

आप्पांना अजून धाप लागली होती. "डॉक्टरीणबाई, तुमच्या हाताला काय झालं असतं म्हंजी..."

"माझा हात तुम्ही धावत येऊन वाचवलात. ताईंचा रोज तिथंच असतो की."

तेवढ्यात दारातून काकू म्हणाली, "माझंबी आसंच झालं हुतं. शेवटच्या मुठीला." इतकी वर्षं एका घरात राहून हे वाक्य आम्ही पहिल्यांदा ऐकत होतो. बोलताना तिचा उजवा हात पदराबाहेर आला होता.

मॅडमचं म्हणणं मग सरळ होतं. चारा घालायचं तोंड इतकं लांब आणि बंदिस्त करायचं की हात रुळापर्यंत पोचूच नये. मागची मूठ पुढच्या मुठीनं ढकलली जाईल. शेवटची आत उरेल ती उद्याच्या चाऱ्याबरोबर जाईल. पण लांब किती? "घरात सगळ्यांत लांब हात कुणाचा?" त्यांनी विचारलं. शेजारच्या बायकाही जमल्या, हाताला हात लावून मापं झाली, एकीला सगळ्यांनी तिच्या नवऱ्याचे कान लांब झालेत ते ह्याच हातानं म्हणून चिडवलं. काकू उंच, तिचाच हात लांब निघाला. "उजवा आता आखूड झालाय," ती म्हणाली, "डावा घ्या." आणि ती हसली. जमिनीवर पसरलेल्या पत्र्याच्या कडेला खांदा टेकवून तिनं डावा हात त्यावर लांबवला. बोटांच्या टोकाशी मॅडमनी खडूनं खूण केली, त्या खुणेपुढं आपली वीत ताणून ठेवली, आणि तिच्या टोकाशी दुसरी खूण केली. "इथवर."

एवढं लांब तोंड गोठ्यात मावत नव्हतं, गव्हाण आडवी येत होती. मी आप्पांकडं बघितलं. सकाळी मी उठले तर पहारीचे घाव ऐकू येत होते; आप्पा गव्हाण फोडत होते.

त्याच वर्षी एका वस्तीवर एका बाईनं मॅडमना मनगट दाखवलं, मशीननं लागलं म्हणाली. मॅडमनी तिच्या नवऱ्याला गोड बोलून मला मशीन दाखवायला बाहेर पाठवलं आणि आत तिच्यापाशी बसल्या. परतताना गाडीत म्हणाल्या, "ते मशीन नव्हतं. पण तेही रोखायचंच असतं." ती बाई पुढं माहेरी सुखरूप पोचली, नवऱ्यावर केसही उभी राहिली. मॅडम दर आठवड्याला तिला फोन करायच्या, हे मला त्या गेल्यावर त्यांच्या बहिणीकडून कळलं. मॅडमच्या दौंडच्या घरी भेटायला गेले, बायकांत बसले होते, तर अनोळखी बाया एकेक करून येत होत्या. आमच्यात बसत होत्या... किती घरांत पोचल्या होत्या या!

गेल्या आठवड्यात राहूला गेले. आई चारा घालायला निघाली. पदर खोचला, बांगड्या वर सारल्या, आणि मोटार लावायच्या आधी खांदा त्या लांब तोंडाला टेकेपर्यंत हात आत घातला. रोज काय बघतेस, मी विचारलं. "पोचत न्हाई न्हवं, त्ये बघती," ती म्हणाली.

आईची बोटं काकूच्या खुणेच्या अलीकडंच थांबतात. त्यापुढं, रुळांपर्यंत, एक वीत मोकळी आहे, नसीम मॅडमची. आईनं हात बाहेर काढला आणि बटण दाबलं.