शिवणवर्गातून निघालेलं जहाज

आमच्या वाचनालयाच्या जिन्याखाली जी तिरकी जागा उरते, तिथे दोरेवाल्या मावशींचं टेबल आहे. डोक्यावर जिना उतरत असल्यामुळे तिथे कुणालाच सरळ उभं राहता येत नाही. साहजिकच अध्यक्षांपासून शिपायापर्यंत सगळे मावशींपुढे वाकूनच बोलतात. मावशींना ही जागा फार आवडते.

गळ्यात पांढऱ्या दोऱ्याची लड, बाहीवर खळीचे वाळलेले ठिपके आणि हातात दाभण. फाटलेली, सुटलेली, उशाखाली चेपलेली पुस्तकं त्यांच्याकडे येतात. त्या जुने टाके उसवतात, पानांचे जुडगे वेगळे करतात, पुन्हा शिवतात आणि वर नवा पुठ्ठा चढवतात. आधी हे काम त्यांचे यजमान करायचे. ते गेल्यावर सून म्हणाली, "आई, आता तुम्ही आराम करा." मावशींच्या मते आराम म्हणजे सुनेने चुलीवर ठेवलेल्या दुधावर लक्ष ठेवणे. "घरी बसले असते ना," त्या सांगतात, "तर तिने मलाच पुठ्ठ्यात घालून फळीवर ठेवलं असतं." म्हणून त्या इथे येऊन बसल्या, त्या बसल्याच.

मावशी कादंबऱ्या वाचत नाहीत. मी एकदा कारण विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "एवढी फाटलेली पुस्तकं येतात म्हणजे कुणीतरी वाचतंय. परत मी कशाला?"

तो कुणीतरी मी. दिवसा मी पाण्याच्या मीटरच्या कार्यालयात तक्रारीच्या खिडकीवर बसतो आणि लोकांची मतं ऐकून घेतो. त्याचं उट्टं काढायला महिन्यातला एक शनिवार मला मिळालेला होता. त्या संध्याकाळी वाचनालयाच्या दालनात मी नुकत्याच वाचून संपवलेल्या कादंबऱ्यांवर बोलायचो. बाहेरच्या फलकावर 'वैयक्तिक मते' असं लिहिलेलं असे. त्यातला 'वैयक्तिक' हा शब्द ग्रंथपालाने स्वतःच्या हाताने जाड केला होता, म्हणजे उद्या काही झालं तर वाचनालय मोकळं.

माझी वाचायची पद्धत जरा वेगळी आहे. मी शेवटचं प्रकरण आधी वाचतो. त्यामुळे कुठल्याही कादंबरीचा शेवट मला चकित करत नाही, आणि मग 'शेवट अपेक्षितच होता' असं मी ठामपणे सांगू शकतो. बायको म्हणते, "अहो, तुम्ही कादंबरी वाचत नाही, तिची झडती घेता." ती स्वतः एकेक कादंबरी महिनाभर पुरवते आणि शेवटी "बरी होती" एवढंच म्हणते. तिच्या कार्यक्रमाला कोण येणार?

गेल्या वेळच्या शनिवारी माझ्याकडे तीन कादंबऱ्या होत्या. पहिलीत एक न्यायाधीश आपल्या टंकलेखिकेच्या प्रेमात पडतो आणि निकाल देणं पुढे ढकलत राहतो. त्या कादंबरीबद्दल माझं मत होतं की लेखकानेही तेच केलं आहे. लोक हसले. मी खूश झालो. इथेच थांबायला हवं होतं.

दुसरी कादंबरी जुनी होती. मुखपृष्ठ कधीच गेलेलं, मावशींनी नव्याने बांधलेली. एका गल्लीत शिवणवर्ग चालवणारी विधवा, तिचा कुरकुरणारा दीर आणि ओट्यावरून चाललेलं दोघांचं भांडण. पुस्तकाच्या मध्यावर ती मशीनचं चाक हाताने थांबवते. 'तिने खिडकीबाहेर पाहिलं, तर' इथे पान संपतं, आणि पुढच्या पानावर, 'पिण्याचं पाणी तळाला गेलेलं.' तिथून कादंबरी थेट समुद्रात. जहाज, कप्तान, तहानलेले खलाशी, डेकवर मारामारी. शिवणवर्ग नाही, दीर नाही, ओटा तर नाहीच.

वाचताना मी खुर्चीतून उठलो होतो. काय हे धाडस! हे वाक्य मी दालनात दोनदा वाचून दाखवलं, दुसऱ्यांदा डोळे मिटून. म्हणालो, "लेखकाने विधवेच्या मनातली तहान एका स्वल्पविरामाच्या अंतरात समुद्राएवढी केली आहे. दीर कुठे गेला हे विचारू नका. दीर म्हणजेच कप्तान." मागच्या रांगेतल्या कुणीतरी वहीत 'दीर = कप्तान' असं लिहून घेतल्याचं मी पाहिलं.

तिसरी कादंबरीही जुनी, दुसऱ्याच लेखकाची. हिच्यात सुरुवातीलाच जहाज. मला वाटलं, त्या काळात जहाजांची फॅशन असावी. कप्तान खलाशांना गोळा करतो, पिण्याच्या पाण्याच्या पिंपात डोकावून पाहतो, तर 'उजेड गेलेला आणि दोन्ही बाह्यांची काजं अजून राहिलेली.' तिथून पुढे टाके, टिपा आणि एक कुरकुरणारा दीर. या लेखकाची मी सालटी काढली. "भान सुटलेलं आहे," मी म्हणालो. "आधीच्या लेखकाला झेप कळते, याला नुसती उडी. जाणकारांनी दोन्ही पुस्तकं शेजारीशेजारी ठेवून वाचावीत, म्हणजे प्रतिभा आणि गलथानपणा यातला फरक कळेल."

टाळ्या पडल्या. जिन्याखालून मात्र दाभण खाली पडल्याचा आवाज आला.

सोमवारी दुपारी मावशी माझ्या खिडकीसमोर रांगेत उभ्या होत्या. पुढचा माणूस मीटर उलटा फिरतो म्हणून भांडत होता. तो गेल्यावर त्या खिडकीपाशी आल्या.

"मावशी, तुमच्या पाण्याचं काय झालं?"

"माझं नाही, तुमच्या जहाजाचं," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "दादा, ती दोन पुस्तकं माझ्याकडे एकदमच आली होती. एकाच छापखान्याची, एकाच मापाची. दोन्हींची पानं उसवून दगडाखाली ठेवली आणि नातीला ताप आला म्हणून घरी गेले. परत येऊन शिवली. मी काय बघते? आकडे. आकडे सरळ लागले. पण अर्धं याचं अन् अर्धं त्याचं."

मला समजायला थोडा वेळ लागला. मग समजलं, आणि कानापर्यंत गरम झालो. माझ्या हातात कुणाच्या तरी पाण्याचं बिल होतं, त्यावर मी उगाचच शिक्का मारला.

"तुम्हाला कसं कळलं?"

"तुम्ही डोळे मिटून वाचलंत ना, तेव्हा. बाई खिडकीबाहेर बघते आणि पाणी तळाला? असं कधी असतं का, दादा?"

आता सांगायला हवं की येत्या गुरुवारी कार्यकारिणीची बैठक होती आणि तिच्यापुढे एकच विषय होता. सगळी बांधणी बाहेरच्या यंत्रावर करून घ्यायची आणि जिन्याखालची जागा रिकामी करून तिथे चपलांची मांडणी ठेवायची, असा ग्रंथपालाचा प्रस्ताव होता. कार्यकारिणीत मीही होतो. ही चूक बाहेर आली असती तर मावशींच्या टेबलावर गुरुवारपासून चपला आल्या असत्या.

"आजच्या आज दोन्ही आणून द्या," मावशी म्हणाल्या. "उसवून सरळ करते. कुणाला कळणार नाही. तुमचंही झाकलं जाईल."

शेवटचं वाक्य त्यांनी अगदी साधेपणाने म्हटलं. मला ते टोचलं, आणि धीरही त्यानेच आला.

दोन्ही पुस्तकं गणिताच्या बाईंनी नेली होती. या निवृत्त शिक्षिका, कार्यकारिणीच्या सदस्य, आणि माझा प्रत्येक कार्यक्रम पहिल्या रांगेत बसून ऐकणाऱ्या. संध्याकाळी मी त्यांच्या दारात उभा.

"बाई, ती दोन पुस्तकं जरा हवी होती."

"का हो?"

"माझं मत थोडं बदलतंय."

"बदलू द्या की. मी अजून तुमचं जुनंच तपासतेय." त्यांच्या टेबलावर दोन्ही पुस्तकं उघडी, शेजारीशेजारी. "तुम्हीच म्हणालात ना, असंच वाचा म्हणून?"

"म्हणालो खरा. पण तेवढं मनावर..."

"चहा घेणार?"

"नको."

"मग या. गुरुवारी भेटूच."

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. मला वाटलं, ती हसेल. ती हसली नाही, त्याचीच मला जास्त भीती वाटली. मग म्हणाली, "पण अहो, त्या दिराचं पुढे काय होतं?"

"कुठल्या?"

"तेच विचारतेय."

गुरुवारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत आम्ही जमलो. कार्यवाह दातांचे डॉक्टर आहेत, त्यामुळे सभेत कुणी तोंड उघडलं की ते आधी आत पाहतात. मावशींना दाराशी खुर्ची दिली होती. जिन्याखालून बाहेर आलेल्या मावशी मी पहिल्यांदाच नीट पाहिल्या. फारच लहानखुऱ्या दिसल्या. हात मांडीवर ठेवलेले आणि हातात काहीच नाही.

ग्रंथपालाने यंत्राचे गुण वाचून दाखवले. मग गणिताच्या बाईंनी पिशवीतून दोन्ही पुस्तकं काढून टेबलावर ठेवली. आवाज न चढवता त्यांनी आधी एक जोड वाचली, मग दुसरी, मग एकाचं अर्धं वाक्य दुसऱ्याच्या अर्ध्याला लावून वाचलं. "तिने खिडकीबाहेर पाहिलं, तर उजेड गेलेला आणि दोन्ही बाह्यांची काजं अजून राहिलेली," त्या म्हणाल्या. "पिंपात डोकावून पाहिलं, तर पिण्याचं पाणी तळाला गेलेलं. गणित सुटलं."

मग डॉक्टर असे हसले की त्यांचेच मागचे दात आम्हाला दिसले. सगळे हसले. मीही हसलो, कारण न हसणारा लगेच दिसला असता.

"झालं तर मग," डॉक्टर डोळे पुसत म्हणाले. "याहून मोठा पुरावा काय हवा? काम यंत्राला देऊन टाकू. मावशी, वाईट वाटून घेऊ नका. वय झालं की व्हायचंच."

मावशींनी एक वाळलेला ठिपका बाहीवरून नखाने काढला.

माझ्या लक्षात आलं की सगळे मावशींकडे पाहत आहेत आणि माझ्याकडे कुणीच नाही. मी सुटलो होतो. थोडं गप्प बसलो असतो, किंवा 'मलाही तेव्हा शंका आली होती' एवढं पुटपुटलो असतो, तर पुढच्या शनिवारी डोळे मिटून आणखी काही वाचता आलं असतं. हे वाक्य मी ओठापर्यंत आणलंही होतं. तेवढ्यात डॉक्टरांनी सवयीने माझ्या तोंडात पाहिलं, आणि ते आत गेलं.

"मी हे पुस्तक दोनदा वाचलं," मी म्हणालो.

"दोनदा?" ग्रंथपाल.

"दुसऱ्यांदा टिपणं काढायला. मावशींचं काम आकडे बघायचं. आकडे बरोबर आहेत. मजकूर बघायचं काम माझं होतं. त्यांची चूक तासाभरात उसवून निघेल. माझ्या टिपणांत दीर कप्तान झालेला आहे, त्याला कुठल्या यंत्रात घालणार?"

"म्हणजे तुमचं म्हणणं काय?"

"चुकीला काढायचं असेल तर दोघांनाही काढा."

मला वाटलं होतं, आता गडबड होईल. 'छे छे, तुम्ही कशाला' वगैरे होईल. कुणीतरी माझ्या साहित्यसेवेचा उल्लेख करेल. गणिताच्या बाई म्हणाल्या, "दोघांना काढायची गरज नाही. एक जण पुरे. मत घ्या."

"मावशींनी राहावं असं कुणाला वाटतं?" डॉक्टरांनी विचारलं.

हात वर जायला वेळच लागला नाही. ग्रंथपालाचाही गेला. त्याला चपलांची मांडणी हवी होती खरी, पण महिन्यातून एक शनिवार संध्याकाळी लवकर घरी जायला मिळणार हे त्याला आधी सुचलं असावं. मीही हात वर केला. ठराव एकमताने मंजूर झाला. माझ्या कार्यक्रमाबद्दल आभाराचं एक वाक्य इतिवृत्तात घ्यावं, असं डॉक्टर म्हणाले. बाईंनी विचारलं, "कशाबद्दल?" मग ते राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी कार्यालयातून परतताना जिन्याखाली गेलो. सकाळी मी देऊन गेलेली दोन्ही पुस्तकं आता उसवलेली, जुडगे नीट वेगळे मांडलेले. मावशी शिवत होत्या. वर न पाहता म्हणाल्या, "बसा. स्टुलावर बसा, नाहीतर डोकं आपटेल. हा दोरा धरा. ताणून नको, नुसता धरा."

मी धरला.

"घरी काय म्हणाल्या?" त्यांनी विचारलं.

"म्हणाली, बरं झालं. आता शनिवारी भाजी आणाल."

"शहाणी आहे."

"मावशी, एक सांगू? शिवणवर्गाची कादंबरी काल रात्री नीट क्रमाने वाचून काढली, बाईंनी दोन्ही पुस्तकांत खुणा घालून दिल्या होत्या. शेवटी दीर ओटा देऊन टाकतो. आणि माझं असं मत झालंय की..."

"दादा," मावशी म्हणाल्या, "बोलू नका. दोरा हलतो."