टोपातले पांढरे केस

टोप बनवणाऱ्या मावशींचं दुकान चपलांच्या दुकानावर, अरुंद जिन्याच्या टोकाला होतं. मांडीवर बारीक जाळी ताणायची आणि आकड्याने एकेक केस ओवून गाठ मारायची, हे काम त्या तरुणपणापासून करत आल्या. हात नाजूक, पण आवाज खणखणीत. फोनवर त्यांनी कुणाला "टक्कल किती वाढलं?" असं विचारलं की खाली चपला घालून बघणारी माणसंसुद्धा मान वर करायची. गिऱ्हाइकं ओशाळायची. काही जण तर फिरकेनासेच झाले.

शेवटी भाचीने त्यांच्या फोनमध्ये एक ॲप घालून दिलं. लिहिलेलं फक्त दोघांनाच वाचता येतं, मधे कुणाला डोकावता येत नाही, आणि दुसऱ्या दिवशी सगळं आपोआप पुसलं जातं, असं तिने समजावलं. मावशींना ते फार आवडलं. आजारपणात केस गेलेल्या बायका घरबसल्या डोक्याचे फोटो पाठवू लागल्या, टेप धरून मापांचे व्हिडिओ धाडू लागल्या. आता मावशींना फक्त लिहायचं असल्यामुळे त्यांचा आवाज खालपर्यंत जायचा प्रश्नच उरला नाही.

त्यांच्या जुन्या गिऱ्हाइकांत बँकेतले एक साहेब होते. टोप विरळ झाला की नवा मागवायचे, आणि दर वेळी काळाकुळकुळीत. संसाराला इतकी वर्षं झाली तरी बायकोला टोपाचा पत्ता नाही, याचा त्यांना कोण अभिमान. या खेपेलाही त्यांनी लिहिलं, "नेहमीसारखाच. घरी कळता कामा नये."

त्याच दुपारी एका अनोळखी नंबरावरून निरोप आला. साहेबांच्या पत्नीचा. टोपाच्या आत शिवलेल्या पट्टीवर मावशींचा नंबर तिला केव्हाच सापडला होता, आणि जुना टोप झडू लागला तेव्हा आता नवा येणार, हेही तिने ताडलं होतं.

"ह्यांच्या भुवया पिकल्या, मिशा पिकल्या, डोकं मात्र अजून कॉलेजात," तिने लिहिलं होतं. "लोक हसतात हो. कानशिलांवर थोडे पांढरे घाला. पण मी सांगितलं हे त्यांना कळू देऊ नका."

मावशींची पंचाईत झाली. एकाच फोनात नवऱ्याचंही गुपित आणि बायकोचंही. त्या बराच वेळ आकडा हातात धरून बसल्या, मग त्यांनी कपाटातून पांढऱ्या केसांचा झुपका काढला.

साहेब टोप न्यायला आले आणि आरशात बघून दचकलेच. हे पांढरे कुठून आले, म्हणून त्यांनी जाब विचारला.

"केस म्हटले की पिकणारच, साहेब," मावशी म्हणाल्या. "पिकत नाहीत त्यांचाच संशय येतो. तरी नको असतील तर आत्ता काढून देते."

साहेबांनी डावं कानशील बघितलं, उजवं बघितलं. मग राहू द्या म्हणाले आणि शीळ घालत जिना उतरले.

संध्याकाळी त्यांनी कळवलं, की बायको निरखून बघत होती, रुबाबदार दिसता म्हणाली, आणि तिला अजूनही कसली शंका नाही. पाठोपाठ पत्नीचाही निरोप आला: काम झकास, ह्यांना काही सुगावा लागलेला नाही. मावशी एकट्याच हसत सुटल्या. कुणाला सांगायची सोय नव्हती, त्यामुळे हसू आणखीच आवरेना.

तेवढ्यात पत्नीने पुन्हा लिहिलं, "आता माझं बघा. भांग फार रुंद झालाय. ह्यांना वाटतं, माझे केस अजून तसेच दाट आहेत. तसंच वाटत राहू दे."

मावशींनी डोळे पुसले आणि भांगाचा जवळून काढलेला फोटो मागवला.