पंचांची टोपणं

पंचांची रीतच होती: कुंपणाच्या खांबाच्या उघड्या तोंडावर तळहात थापायचा, आतून येणारा पोकळ आवाज कान लावून ऐकायचा आणि समोर जो कोणी असेल त्याच्याकडे असं बघायचं, की खून त्यानंच केलाय.

"डोकं उघडं ठेवलंय. कुणी?"

आता कुणी म्हणून काय सांगणार? शिवाजी पेठेत आमच्या गल्लीच्या टोकाला छोटी बाग आहे. कुणा कंत्राटदारानं तिथं लोखंडी पाइपांचे खांब रोवले, साध्या तारा ओढल्या आणि पाइपांची तोंडं आभाळाकडे उघडी ठेवून तो निघून गेला.

ह्या गृहस्थांना आम्ही पंच म्हणायचो. नोकरी फौंड्रीत, जीव फुटबॉलच्या मैदानात. तालमींच्या फुटबॉल संघांच्या सामन्यांत शिट्टी फुंकून त्यांनी निम्म्या पेठेशी वैर जोडलं होतं. दोन्हीकडच्या शिव्या सारख्याच मिळाल्या तर सामना नीट झाला, असा त्यांचा हिशेब. एका पेनल्टीचं दुःख आमच्या गल्लीतल्या न्हाव्याच्या पोटात कायम राहिलं. पंचांच्या गळ्यावर वस्तरा टेकवून तो दर वेळी विचारायचा, "पंच, आता तरी खरं सांगा. हात लागला होता?"

मान मागे टाकलेले पंच डोळे न उघडता म्हणायचे, "लागला होता. कापायचं तर काप. निर्णय बदलत न्हाय."

निवृत्तीनंतर पंचांनी बागेचे खांब हाती घेतले. रोज एका खांबाला टोपण. पाइपात लाकडी खुंटी ठोकायची आणि तिच्यावर हाताला लागेल ते बसवायचं: करवंटी, स्टीलची वाटी, उपडं पितळी फुलपात्र, पोरांचा लाकडी भोवरा, जुन्या दाराची पितळी मूठ. कुंपण म्हणजे भांड्यांचं दुकान दिसायला लागलं.

"पंच, खांबांची लग्नं लावताय काय?" मी विचारलं. "मुंडावळ्या तेवढ्या राहिल्या."

त्यांनी खिशातून पिवळं कार्ड काढून मला दाखवलं. ते एका लग्नपत्रिकेतून कापलेलं होतं.

"ए शहाण्या, पाऊस आत जातोय. वरनं रंग झकास आणि आतनं गंज. एक दिवस टेकशील आणि खांबासकट पडशील. गांधीलमाश्या घर करत्यात. पोरांचे हात कापत्यात." मग आवाज उतरवून, "चिमणी आत उतरती, पंख उघडायला जागा न्हाय. तिथंच मरती." हे खोटं नव्हतं. एक पडका खांब उपटला तेव्हा आतून पिसं आणि काड्यांसारखी हाडं निघालेली मी पाहिली आहेत.

पण ही सगळी कारणं लोकांसाठी. खरं कारण काकूंनी आम्हाला फार उशिरा सांगितलं. तुम्हाला मी आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं बघताना तुम्ही आमच्यासारखे आंधळे राहणार नाही.

काकू म्हणजे पंचांच्या पत्नी. साखरेनं त्यांची नजर गेली होती. पंच सकाळी त्यांना बागेत सोडायचे, लांब उभे राहून शिट्टी वाजवायचे आणि काकू आवाजाच्या दिशेनं चालायच्या. मग फौंड्रीची धूळ पंचांच्या छातीत जागी झाली. ज्या शिट्टीनं अख्खं मैदान थांबायचं, तिच्यातून नुसती हवा यायला लागली. आपण जाणार हे त्यांना कळलं होतं. आपल्यामागं हिनं कोंडून बसू नये, एवढीच त्यांची घाई होती.

म्हणून टोपणं. काकू वरच्या तारेवरून हात सरकवत खांबाशी यायच्या आणि टोपण चाचपायच्या. मूठ म्हणजे फाटक. करवंटी म्हणजे नळ. फुलपात्र लागलं की मागं बाक, बसायचं. भोवरा लागला की पुढं उघडं गटार, तिथून वळायचं. पेठेत पंचांना शिव्या चालायच्या, कीव चालत नव्हती. म्हणून हे कुणाला सांगितलं नाही. आम्हाला फक्त कुंपणाबाहेर छाती धरून उभे असलेले पंच दिसायचे.

"एकटं चालायचं," ते धापा टाकत म्हणायचे. "मी मैदानाबाहेर हाय."

"आणि पडले म्हणजे?" काकू आतून विचारायच्या.

"फाऊल देतो की."

थंडी सरताना पंच गेले. जन्मभर त्यांना शिव्या घालणारी तालमीची पोरं ढसाढसा रडली. पंचांसाठी कायतरी करायचंच, असं त्यांच्या मनानं घेतलं, आणि तेराव्याच्या आदल्या दिवशी त्यांनी बागेचं कुंपण रंगवून काढलं. सगळी टोपणं उपटली. पितळ चिंचेनं घासून लखलखीत केलं. मग शोभेसारखी मांडणी केली: फाटकाला आणि कोपऱ्यांना पितळ, मध्ये ओळीनं स्टील, कमी पडलं ते नवं आणून. करवंट्या आणि भोवरे बरे दिसेनात म्हणून कचऱ्यात. आम्ही थोरामोठ्यांनी येऊन त्यांच्या पाठी थोपटल्या.

तेरावा झाल्यावर दुसऱ्या सकाळी काकू एकट्या बागेत आल्या. कोपऱ्यातल्या खांबाशी, जिथं आधी भोवरा होता, त्यांच्या हाताला फुलपात्र लागलं. त्या वळल्या आणि बाकावर बसायला गेल्या. तिथं गटार होतं.

खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यात खाटेभोवती उभं राहून आम्ही काकूंकडून सगळं ऐकलं, तेव्हा कुणाला कुणाच्या तोंडाकडं बघवेना. पोरं कचऱ्यातून वेचलेल्या करवंट्या आणि भोवरे बादलीत भरून घेऊन आली होती. "काकू, कुठलं कुठं ते सांगा. आत्ता बसवतो."

"तसं कसं सांगू रं बाळांनो? चालताना हाताला कळायचं."

हल्ली काकू काठी टेकत फाटकापर्यंत येतात. तिथली मूठ तेवढी आपल्या जागेवर राहिली आहे. तिच्यावर तळहात ठेवून त्या शिट्टी ऐकायची असल्यासारखी मान जरा तिरकी करतात. एकदा मी म्हटलं, "काकू, चला, मी धरतो हात."

"नको बाबा. ह्यांनी सांगितलंय, एकटं चालायचं."

मग मूठ सोडून त्या घराकडं वळतात. कुंपण अजून नव्यासारखं दिसतं. पावसाचं पाणी एकाही खांबात जात नाही.