दाराला ओली चादर

लालबागला आमच्या शेजारच्या खोलीतले काका निवृत्तीनंतर घरातच लाकडी देव्हारे बनवतात. आधी फळीवरून बोटं फिरवायची आणि मगच घासायचं मशीन लावायचं, ही त्यांची रीत. बोलणं मालवणी, मिश्कील. गॅलरीतल्या माझ्या पापडांवर लाकडाचा भुसा बसला, तेव्हा म्हणाले, "वहिनी, मसालो कमी होतो, म्हणान घातलंय." मी मात्र चारचौघांत त्यांना नको नको ते बोलले.

त्यानंतर बाहेर कणभर भुसा आला नाही. मला वाटलं, जिंकले.

परवा प्रसाद द्यायला गेले. दाराला आतून ओली चादर लावलेली. ती सारली आणि हादरलेच. खिडकी बंद, फटींत चिंध्या कोंबलेल्या. त्या कोंडलेल्या धुरळ्यात काका घासत बसलेले, पापण्यासुद्धा भुशाने माखलेल्या. नाकाला साधा रुमाल नाही.

"अहो काका, हे काय!"

खोकला आवरत त्यांनी मलाच विचारलं, "अजून भुसो बाहेर येता काय, वहिनी?"

मी खिडकीकडे धावले, कडी धरली. त्यांनी हात आडवा घातला. "नको. कोणाचा तरी वाळवण असतला."

वाळवण माझंच होतं. आणि खरं सांगते, कडीवरचा माझा हात क्षणभर थांबला.