रेखणीवाली गोदूबाई आणि सात विमानं

पेणच्या रामवाडीत गणपतीचे कारखाने पुष्कळ, रंगवणारे हातही पुष्कळ, पण डोळे रेखावेत ते गोदूबाईनेच. निदान गोदूबाईचं स्वतःचं मत तसं होतं, आणि तिच्यासमोर वेगळं मत मांडायची कोणाची छाती नव्हती. सून नमिता मूर्तीचे दागिने रंगवी, सोंडेवरची नक्षी काढी, पण तिचा कुंचला डोळ्यांच्या आसपास गेला की सासूबाई खेकसायच्या, "हात लावू नको गो. एक डोळा कोनीबी काढंल, दुसरा त्याला जुळाय पायजे."

एका वर्षी गोदूबाईचा हात कापू लागला. थंडी वाजते म्हणाली, तीही पेणच्या मार्चमध्ये. कारखान्याचे मालक हैबतराव भले गृहस्थ, पण पंचवीस मूर्ती बिनडोळ्यांच्या फळीवर बसून राहिल्यावर त्यांनीही हळूच विचारलं, "दुसरा रेखणीवाला बघू का?" त्या दिवशी गोदूबाई जेवली नाही.

तिचा मुलगा निलेश रोह्याच्या कंपनीत शिफ्टला जायचा. आईचं मन रमावं म्हणून सुट्टीच्या दिवशी त्याने तिला आणि नमिताला मुंबईला विमानांच्या कसरती बघायला नेलं. सात जेट विमानं, परदेशी, फौजेची नव्हेत, कुठल्याशा कंपनीची. पंखाला पंख लावून ती अशी उलटीपालटी होऊ लागली की गोदूबाईने पदर तोंडात धरला.

"ही आपटत कशी नाय रे?"

लाउडस्पीकरवरचा माणूस हिंदीत तेच सांगत होता. कुठे जायचं ते फक्त पुढचा वैमानिक बघतो. मागचे आभाळ बघत नाहीत, जमीन बघत नाहीत, शेजारच्या विमानावरून नजर काढत नाहीत. तेवढ्यात पुढचं विमान झपकन वर निघून गेलं, मागचं एक त्याच्या जागी सरकलं आणि बाकीची त्याच्यामागे तशीच उडत राहिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गोदूबाई मात्र परतीच्या एसटीत पनवेल येईपर्यंत दोन तळवे विमानांसारखे शेजारी धरून पुढेमागे सरकवत राहिली.

दुसऱ्या दिवशी तिने नमिताला मूर्तीपुढे बसवलं. डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरून एक डोळा रेखला.

"आता दुसरा तू. बाकी कुठं बघू नको, माज्या डोळ्याकडं बघ."

नमिता त्या डोळ्यावरून नजर न काढता रेखत गेली. डोळा जुळला. गोदूबाईने तो चारही बाजूंनी पाहिला, खोट सापडेना, तेव्हा तिने सुनेच्या बसण्याला नावं ठेवली.

अशा अकरा मूर्ती झाल्या. बाराव्या मूर्तीला मनगट धरूनही हात ऐकेना. गोदूबाईने कुंचला नमिताला दिला.

"तू हो पुढं."

नमिताने पहिला डोळा रेखला आणि कुंचला परत पुढे केला. दुसरा सासूबाई रेखतील असं तिला वाटलं. गोदूबाईने तो घेतला नाही. चाळीस वर्षांचं काम हातातून जात होतं. तिला रडू आलं आणि तिने ते लपवलं नाही.

"दोन्ही तूच काढ गो," ती म्हणाली. "मी हाय हितंच, शेजारी."