बबनरावांनी जमवलेली अक्षरं

पत्र दाखवण्याआधी बबनराव माणसाचे हात हुंगून बघत. "वैनी, शेंगदाणं खाल्लं व्हतं का?" असं विचारून त्यांनी मला दोनदा हात धुवायला लावले, तेव्हा कुठे पत्रांच्या पेटीचं झाकण उघडलं. चिंचवड गावठाणात आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारे हे स्टेशनावरचे बुकिंग क्लार्क. वाळवी, ओल, उंदीर, वरचा साहेब, सगळ्यांना घाबरायचे. आळी त्यांना तोंडावर भागूबाई म्हणायची.

पुढाऱ्यांच्या हातची पत्रं जमवायची, हा त्यांचा एकच नाद. "सही मागितली की चिटणीस शिक्का मारून मोकळा व्हतो," ते सांगत. "असं कायतरी इचारायचं, की चिटणीसाला उत्तर ठावंच नसंल." म्हणून उत्तरासाठी कोरं कार्ड जोडलेलं जोडकार्ड पाठवून विचारत, आपणांस कोणती भाजी आवडत नाही? एका मंत्र्यांनी लिहिलं होतं, ‘कारलं. घरी कळवू नये.’ खेडच्या एका पुढाऱ्यांनी तर भोपळ्यावर कार्डभर तोंडसुख घेतलं होतं. बबनराव वाचून दाखवत आणि स्वतःच खुदुखुदु हसत.

पुढे संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली. ते खेडचे पुढारी भूमिगत झाले आणि हाताने लिहिलेली, बिनसहीची पत्रकं गावोगाव भिंतींवर दिसू लागली. एका दुपारी फौजदार बबनरावांच्या ओट्यावर येऊन बसला. मी शेजारी तांदूळ निवडत होते.

"त्या खेडच्या पुढाऱ्यांचं अक्षर तुमच्याकडे आहे म्हणे," फौजदार म्हणाला. त्याने स्वतःच पेटी उपसून भोपळ्याचं कार्ड काढलं आणि पत्रकाशेजारी ठेवलं. अक्षर हुबेहूब एक. आता त्या पुढाऱ्यांची धडगत नाही, हे मलाही कळलं.

बबनरावांनी कार्डावर बोट ठेवलं. "साहेब, त्ये कार्ड खोटं हाय. लोकांत मिरवायला मीच लिवलंय."

"आणि वर खेडच्या टपालाचा शिक्का?"

"तितं जाऊन टाकलं, साहेब."

"अस्सं? मग लिहा बघू चार ओळी."

त्यांनी टाक उचलला. हात असा लटलटत होता की शाई धोतरावर सांडली, आणि कागदावर जे उमटलं ते कोणाचंच अक्षर वाटेना. फौजदार खेकसला, "दोन्हींचं अक्षर एकच. म्हणजे हे पत्रकही तुमचंच म्हणायचं का?"

मला वाटलं, आता हा माणूस रडेल आणि खरं सांगून टाकेल.

"व्हय," बबनराव म्हणाले. "माजंच."

त्यांना घेऊन गेले. बऱ्याच महिन्यांनी सुटून आले तेव्हा नोकरी गेली होती, पेटी जप्त झाली होती. ते पुढारी मात्र शेवटपर्यंत पोलिसांच्या हाती लागले नाहीत.

"भीती नाही वाटली?" मी विचारलं.

"लई वाटली. अजून बुटाचा आवाज आला की कडी लावून घेतो. पर त्यांनी इस्वासानं सोताच्या हातानं लिवलं, वैनी. त्याच अक्षरानं त्यास्नी धरून देऊ व्हय?"

फौजदाराने मला विचारलं असतं, तर कार्ड कुठे आहे ते मी बोट करून दाखवलं असतं.